लोकांचा डबा

माझे अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी नीट कळले नाही, त्याची माफी आधीच मागते. चौथी पास झाले तेव्हा गुरुजी वडिलांना म्हणाले होते की मुलगी हुशार आहे, पुढे शिकवा. पण पाचवीची शाळा मुलांची होती आणि मग लग्नच झाले. तेव्हापासून लिहिले ते वाण्याच्या यादीपुरते. क्लबच्या पत्रकात छापायला वकीलसाहेबांनी दादावर चार ओळी मागितल्या होत्या. चार ओळी मला जमल्या नाहीत. बसले तर एवढे झाले. हे कोणाला द्यायचे नाही, वहीतच राहील. तरी कधी कोणी वाचलेच तर चुका पदरात घ्याव्यात... दादा असता तर त्याने कानावरची पेन्सिल काढून समासात खुणा केल्या असत्या.

दादा गेला तो मंगळवार होता, चैत्र नुकता लागला होता. दुपारी बाराचा सुमार. खाली छापखाना आणि वर आमचे दोन खोल्यांचे घर, त्यामुळे यंत्राचा आवाज दिवसभर माझ्या पायाखालीच असायचा. पायाने मारायची ट्रेडल मशीन आहे, तिचा एक ठेका असतो. तो ठेका थांबला. कागद संपला की थांबतोच, म्हणून मी लक्ष दिले नाही. मी ज्वारीचे पीठ मळत होते. मग सुखदेव जिना चढून वर आला, चप्पल न काढता. सुखदेव आमचा कंपोझिटर, शिशाचे एकेक अक्षर उचलून ओळी जुळवणारा, पंधरा-सोळा वर्षे आमच्याकडे. तो चौकटीला धरून म्हणाला, "ताई, मालक स्टुलावर बसले, ते उठूनच नाई राह्यले." मी म्हणाले, "बरं, येते." तवा तापलेला होता. मी थापलेली भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवले, उलटली, शेकली, टोपलीत ठेवली, चूल विझवली आणि मग खाली गेले. नंतर बायका विचारत होत्या, तुम्ही हंबरडा फोडला नाही का? नाही. मी भाकरी शेकली. का ते मला सांगता येत नाही. आज सात आठवडे झाले, अजून काही आतून हलले नाही. सगळे कापूस भरल्यासारखे वाटते.

दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. सतराव्या वर्षी मी विधवा झाले आणि ढाणकीला सासरी मागच्या खोलीत बसून होते. तेव्हा तो एक दिवस मोटारीने आला, सासऱ्यांशी पाच मिनिटे बोलला आणि मला म्हणाला, "इंदे, पेटी भर." तेवढेच. तेव्हापासून मी यवतमाळला त्याच्याकडे. त्याने लग्न केले नाही. का केले नाही ते मी विचारले नाही, त्याने सांगितले नाही. मी तर अशी की पोस्टमन आला तरी दाराआडून हात काढून टपाल घ्यायची. दादा बाहेर बोलायचा तेवढा, घरी आला की तोही माझ्यासारखाच.

छप्पन साली आमच्याकडे कामच काम होते. आमचा भाग मुंबई राज्यात गेला आणि कचेऱ्यांचे सगळे फॉर्म नव्याने छापायला आले. त्याच वर्षी दसऱ्याला सुखदेव नागपूरला गेला आणि बौद्ध होऊन परत आला. पांढरा सदरा घालून तो सरळ कामावर आला आणि टाइपाच्या पेटीसमोर उभा राहिला, जसा रोज राहायचा. दादा म्हणाला, "झालं?" तो म्हणाला, "झालं, मालक." आणि दोघे फॉर्म जुळवू लागले. त्याच हिवाळ्यात वकीलसाहेब नागपूरहून एक पत्र घेऊन आले, की आपल्या गावात सेवा क्लब काढायचा. जगभर असे क्लब आहेत, आपल्या देशातही मोठ्या शहरांत आहेत. त्यांचा नियम असा की गावातल्या प्रत्येक धंद्यातला एकच माणूस घ्यायचा. एक वकील, एक डॉक्टर, एक जिनिंगवाला, एक कापडवाला, एक हेडमास्तर... आणि एक छापखानेवाला. दादा त्या दिवशी वर आला, पाण्याचा पेला हातात धरून उभा राहिला आणि म्हणाला, "इंदे, मले घेतलं." जणू कोणी चूक केली आणि ती अजून त्यांच्या लक्षात आली नाही. वर्गणी आमच्या ऐपतीच्या बाहेरची होती. दादाने पान सोडले, शर्ट उलटे करून शिवून घेतले, पण वर्गणी कधी थकवली नाही. पहिल्या वर्षीच त्याला सेक्रेटरी केले. पत्रके फुकट छापून मिळतात म्हणून केले, असे सुखदेव म्हणायचा.

मग अमेरिकेहून टपालाने एक पुस्तक आले. दादा मॅट्रिकला दोनदा बसलेला. डिक्शनरी मांडीवर घेऊन तो एकेक ओळ लावायचा आणि मी भाकरी थापत असताना मला ऐकवायचा. तिकडे एका मोठ्या शहरात काही धंदेवाले लोक होते. कोणी कुठल्या, कोणी कुठल्या खेड्यातून आलेला, शहरात ओळख ना देख. ते आठवड्यातून एकदा एकत्र जेवू लागले, नुसते सोबतीसाठी. काही दिवसांनी त्यांच्यातला एक म्हणाला, आपले पोट भरले, बाहेर उभा आहे त्याचे काय? तिथून ही सगळी चळवळ निघाली. मी विचारले, "म्हंजे आधी जेवले अन् मंग आठवन झाली?" दादा हसला. "सगळ्याईले तशीच होते, बाप्पा. उपाशी मानसाले दुसऱ्याची आठवन कोठून होईन?" त्या पुस्तकात असेही होते की मोठ्या लढाईत ज्यांचे देश एकमेकांवर बॉम्ब टाकत होते, त्यांच्यातल्या क्लबवाल्यांनी एकमेकांना खुशालीची पत्रे लिहिणे सोडले नाही. हे वाचले की दादा ती ओळ मला पुन्हा वाचून दाखवायचा. जेवणाच्या पंक्तीत धर्म काढायचा नाही, राजकारण काढायचे नाही, बाजूला बसला तो आपला, एवढे त्याला पुरे होते. तो देवळात फारसा जात नसे. शुक्रवारची सभा मात्र त्याने चुकवली नाही.

पहिली दोन वर्षे सभा आमच्याच घरी, समोरच्या खोलीत भरायची. मी पडद्याआड चहा करायची आणि सुखदेव ट्रे नेऊन ठेवायचा. पहिल्याच शुक्रवारी कापडवाल्या शेटजींनी कप उचलला नाही. बाकीचे प्यायले, यांचा कप तसाच. सगळ्यांना कळले होते. सुखदेव रिकामा ट्रे छातीशी धरून उभा. दादा उठला आणि म्हणाला, "शेटजी, चार आणे दंड." क्लबात अशी पद्धतच होती, उशिरा आला दंड, बिल्ला विसरला दंड.

"कायचा दंड बा?" शेटजी म्हणाले.

"चहा थंड केल्याचा. क्लबाचं दूध आहे."

वकीलसाहेब मोठ्याने हसले, मग सगळे हसले. शेटजींनी दादाकडे पाहिले, सुखदेवकडे पाहिले आणि कप उचलून एका घोटात संपवला. वर म्हणाले, "साखर कमी आहे." दादा म्हणाला, "तक्रारीचे वेगळे चार आणे." पडद्याआड मला इतके हसू आले की पदर तोंडात धरावा लागला. सुखदेव मात्र हसला नव्हता. खाली गेल्यावर तो दादाला म्हणाला, "मालक, मले ट्रे नेयाले लावू नोका. चहा पेले का नाई पेले, ते उभं राहून पाह्यनं बरं नाई लागत." त्यानंतर दादा स्वतः ट्रे नेऊ लागला.

हजेरीचा नियम तर मला वेडेपणाच वाटायचा. एका आठवड्याची सभा चुकली, तर त्याच आठवड्यात दुसऱ्या कोणत्याही गावच्या क्लबात जाऊन बसायचे आणि हजेरी भरून काढायची. एकदा लग्नसराईत पत्रिकांची अशी गर्दी झाली की दादाचा शुक्रवार गेला. दुसऱ्या दिवशी तो एस.टी.ने अमरावतीला गेला, तिथल्या सभेत बसला आणि सही-शिक्क्याचे कार्ड घेऊन परत आला. मी म्हणाले, "तेथी तुमच्या वयखीचं कोनी होतं का?"

"कोनीच नाई. पन बाजूले बसवलं, नाव इचारलं, पानी देल्लं."

"अन् यवतमाळात पानी नाई भेटत?"

"तुले नाई समजत, इंदे." मग म्हणाला, "मलेही पुरतं नाई समजत. पन बरं वाटलं."

दोन डबे होते. छापखान्याच्या शाईचे रिकामे डबे दादाने रॉकेलने घासून स्वच्छ केले आणि त्यांवर मोठ्या टाइपात छापून चिठ्ठ्या चिकटवल्या. एकावर 'आपला', दुसऱ्यावर 'लोकांचा'. आपल्या डब्यात वर्गणी आणि दंड. त्यातून सभासदांचा चहा, जेवण, पोस्टाची तिकिटे. लोकांच्या डब्यात गावातून गोळा केलेले पैसे. त्यातली पैही सभासदांवर खर्चायची नाही, हा चळवळीचा सगळ्यात मोठा नियम, असे तो सांगायचा. डब्यांना कुलूप नव्हते. ते त्याच्या टेबलावर शेजारी-शेजारी उघड्यावर असायचे.

या पौषात क्लबाने पांढरकवड्याला शाळेच्या इमारतीत डोळ्यांचे शिबिर घेतले. नागपूरचे डॉक्टर मोतीबिंदू काढणार होते. बायकांजवळ बसायला बाई पाहिजे म्हणून दादाने मला नेले. मी नाही म्हणत होते, पण त्याने मागे म्हणाला होता तसेच "पेटी भर" म्हटले. शाळेच्या वर्गांत सतरंज्या घालून लोक निजवले होते, दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या, हलायचे नाही, खोकायचे नाही. माझ्याकडे एक कोलाम म्हातारी होती, जंगलातल्या पोडावरून, त्यांच्या वस्तीवरून, बैलगाडीने आणलेली. तिची बोली मला येत नव्हती, माझी तिला येत नव्हती. झोपेत तिचा हात पट्टीकडे जायचा म्हणून चार दिवस मी तिचे मनगट धरून बसले. दुसऱ्या माणसाचा हात इतका वेळ मी कधी धरला नव्हता. पट्टी सुटली तेव्हा ती माझ्या तोंडावर बोटे फिरवून सुनेला काहीतरी म्हणाली आणि सून हसू लागली. "सासू म्हनते, आता नुसतं धुकं दिसते. तू गोरी का काळी, ते चष्मा आल्यावर सांगीन." कारण मोतीबिंदू काढला म्हणून लगेच दिसत नाही. डोळ्यातले भिंगच काढलेले असते. दीड महिन्याने नंबर तपासायचा, मग जाड काचेचा चष्मा येतो, तेव्हा कुठे माणूस ओळखू येतो. चष्मा नसेल तर शस्त्रक्रिया झाली आणि न झाली सारखीच.

त्याच शिबिरात एका दुपारी वकीलसाहेब म्हणाले, "सेक्रेटरी, स्वयंसेवकांना चहा सांगा, लोकांच्या डब्यातून. शिबिराचाच खर्च आहे." दादाने चहा सांगितला आणि पैसे खिशातून दिले. वकीलसाहेब म्हणाले, "फार चिकट आहात बुवा." दादा म्हणाला, "डबा माझा असता तर उधळला असता साहेब." असा माणूस. म्हणून पुढचे मला लिहवत नाही... पण लिहिते.

फाल्गुनात नंबर तपासून झाले. एकवीस चष्मे मागवायचे होते. नागपूरच्या दुकानाला पत्र तयार होते, पैसे लोकांच्या डब्यात होते. त्याच आठवड्यात तार आली की चळवळीचे परदेशातले एक मोठे अधिकारी दौऱ्यावर आहेत आणि नागपूरहून एका दुपारी यवतमाळला जेवायला येतील. क्लबाच्या दहा वर्षांत असे कोणी आले नव्हते. आपल्या डब्यात तेव्हा अकरा रुपये होते. दिवाळीपासून दादाखेरीज कोणाची वर्गणीच आली नव्हती. दादाने दोनदा आठवणीची कार्डे छापून पाठवली होती, तोंडाने मागणे त्याला जमत नसे. सतरा जणांत सगळ्यात गरीब तोच होता आणि बाकीच्यांना पैसे मागायचे म्हणजे... वकीलसाहेब म्हणाले, "तुम्ही भागवा हो सेक्रेटरी, मग पाहू."

वकीलसाहेबांच्या अंगणात मांडव घातला. मी त्यांच्या मागच्या पडवीत स्वयंपाक केला, पुरणपोळी, वडाभात, सांबारवडी, कढी. मागून ताटे मीच वाढून देत होते, म्हणून मला ठाऊक आहे की पाहुण्यांखेरीज सतरा ताटे लागली. पाहुणा उंच, पांढऱ्या केसांचा. वडाभात त्याने हाताने खाल्ला आणि कढी मनगटावरून कोपरापर्यंत गेली. नंतर तो आभार मानायला पडवीच्या दाराशी आला. मी पिठाच्या पिंपामागे जाऊन बसले. दादा त्याला इंग्रजीत काहीतरी सांगत होता आणि पाहुणा पिंपाला हात जोडून गेला. त्या रात्री तरी दादा त्यावरून मला चिडवेल असे वाटले होते. त्याने चिडवले नाही.

त्यानंतर दादा स्वतः मशीन मारू लागला. पाय मारायला माणूस होता, त्याला सुटी दिली. पत्रिका, हँडबिले, जिनिंगची पावतीबुके, मिळेल ते काम घेऊन सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तो पाय मारत असे. मी म्हणायची, "दादा, जेवाले वर या." तो म्हणायचा, "हा फर्मा छापून झाला की." असे तीन आठवडे चालले. चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी ठेका थांबला.

तेरावा झाल्यावर दोन दिवसांनी त्या कोलाम म्हातारीची सून छापखान्यात आली. ट्रकवाल्याला आठ आणे देऊन ती पांढरकवड्याहून आली होती, उन्हात, पायात काही नाही. "चष्मा आला काय, बाई? सासू रोज इचारते. चुलीत हात घातला तिनं परवा." मी तिला वर नेले, जेवू घातले, येईल म्हणाले. ती गेल्यावर सुखदेवने दादाच्या टेबलाचा खण उघडला. एकवीस नावांची यादी होती, नंबरासकट. दुकानाचे पत्र होते, तारीख कोरी. आणि लोकांच्या डब्यात तळाला थोडी चिल्लर आणि एक चिठ्ठी, दादाच्या अक्षरात. 'पाहुण्यांच्या जेवणासाठी एकशे सत्तर घेतले. परत करणे.' पाय मारून मिळवलेले कुठे गेले, ते दुसऱ्या खणातल्या पावत्यांवरून कळले. कागदवाल्याची उधारी थकली होती, ती भागवल्याशिवाय तो पुढचा कागद देत नव्हता. दादाच्या हाती काही उरलेच नव्हते.

सुखदेवने ती चिठ्ठी दोनदा वाचली. "ताई, वकीलसाहेबाले सांगा. जेवले ते, अन् आंधळे हे."

मी गेले. सुखदेव बाहेर थांबला. वकीलसाहेबांच्या समोर उभी राहून टेबलाच्या पायाकडे पाहत मी सगळे सांगितले. एवढे मी कधी कोणा परक्या पुरुषाशी बोलले नव्हते. त्यांनी समोरचे कागद बाजूला सारले. मग अगदी मायेने म्हणाले, "इंदूताई, ही गोष्ट इथेच राहू द्या. वसंतराव देवमाणूस होते. डब्याचा हिशेब कोण विचारतो? शिबिराचा खर्च म्हणून लिहून टाकू. त्यांच्या नावाला डाग नको." मला ते ऐकून बरे वाटले. खरेच बरे वाटले, हे लपवत नाही. मी दारापर्यंत गेले आणि मग तोंडातून निघाले, "पन साहेब, त्या मानसाईचे चष्मे?"

"पाहू. शुक्रवारी विषय काढतो."

दोन शुक्रवार गेले. शोकसभा झाली, दादाच्या फोटोला हार घातला, दादावर चार ओळी लिहून द्या, असा निरोप आला. चष्म्यांचे काही आले नाही. मी सुखदेवला म्हणाले, "सुखदेवभाऊ, एक चिठ्ठी जुळवा." मी सांगत गेले, तो अक्षरे उचलत गेला. 'फाल्गुनात परदेशी पाहुण्यांबरोबर आपण जेवलात. त्या जेवणाचे पैसे लोकांच्या डब्यातून गेले आहेत. आपला वाटा दहा रुपये. एकवीस माणसे चष्म्यासाठी थांबली आहेत. डबा छापखान्यात आहे.'

सुखदेवचा हात थांबला. "ताई, हे घरोघर गेलं म्हंजे मालकानं काय केलं, ते गावाले समजन. दहा वर्षं ज्यानं डब्याले बोट नाई लावू देल्लं..."

"समजन."

"लोकं बोलतीन."

"मी आयकीन." मग मी म्हणाले, "त्या बाईनं चुलीत हात घातला, सुखदेवभाऊ. दादाले आता काई लागून नाई राह्यलं."

तो खाली पाहून पुढची ओळ जुळवू लागला. "खाली नाव कोनाचं टाकू?"

"कोनाचंच नको."

"मंग भेतीन कोनाले?"

"भेयाचं कायले? जेवल्याचं तं आठवते ना त्याईले."

मशीनवर मीच पाय मारला. कधी मारला नव्हता. जड असतो. सतरा चिठ्ठ्या निघाल्या. सोळा सुखदेव सायकलवर वाटून आला, एक घरीच राहिली.

पहिले हेडमास्तर आले, त्याच दिवशी. नोट टाकून गेले. डॉक्टरांनी वीस टाकले, मी दहा परत केले, तेव्हा ते म्हणाले, "ठेवा हो." मी मानेनेच नाही म्हटले. जिनिंगवाले आले ते रागाने लाल. "मेलेल्या भावाले बाजारात मांडलं तुम्ही, बाई. लाज वाटाले पाह्यजे." नोट टेबलावर आपटली, ती उडून खाली पडली, मी उचलून डब्यात टाकली. ते ऐकताना मला काही वाटले नाही. वाटायला हवे होते. कापडवाले शेटजी दुपारच्या उन्हात आले, टोपी काढून दादाच्या स्टुलावर बसले आणि सुखदेवला म्हणाले, "चहा सांगतो का?" सुखदेवने सांगितला. दोघे प्यायले. जाताना शेटजी म्हणाले, "वसंतरावानं मले मागतले असते तं मी देल्ले असते." मग दारातून वळून म्हणाले, "मागतले होते. दोन कार्डं आलती." कोणाची बायको पदरात नोट बांधून आली, कोणी नोकराबरोबर पाकीट पाठवले. वकीलसाहेब सगळ्यांत शेवटी, काल आले. डब्याकडे पाहत उभे राहिले, नोट टाकली आणि म्हणाले, "मीच म्हटलं होतं त्यांना, भागवा म्हणून."  तेही गेले.

सोळा झाले. सतरावी चिठ्ठी दादाची. पाहुण्यांच्या जेवणाच्या त्या दुपारी सगळे जेवून उठल्यावर मी त्याचे ताट वाढले, सतरावे, तर त्याने ते हाताने माझ्याकडे सरकवले. "पोट भरलं, इंदे. तू जेव." मला वाटले, धावपळीने भूक मेली असेल. मी पिंपाला टेकून बसले आणि सगळे ताट संपवले. पुरणपोळी चांगली झाली होती.

आज सकाळी मी माझ्या पेटीतले दहा रुपये काढून डब्यात टाकले. सुखदेवने मोजले, मग मी मोजले. एकशे सत्तर. पत्रावर त्याने आजची तारीख घातली आणि मनीऑर्डर करायला पोस्टात गेला. पैसे पुरे झाले.